तीन क्यू

कोड्यातला इंग्रजी शब्द अडला की बाबा पेपरातून ओरडायचे, "पाच अक्षरी, आर आणि एन हवेत!" आतल्या खोलीत दादाला शब्द सुचला की तो कपावर चमचा वाजवायचा आणि उत्तर न सांगताच कामाला निघून जायचा. खडूस!

गेल्या वर्षी दादा अपघातात गेला. आज बाबांनी सवयीनं ओरडून विचारलं, आणि आत चमचा वाजला. खुर्ची सरकली.

"अहो, निघाला तो!" आई कुजबुजली. "पटकन अवघड विचारा काहीतरी."

"सात अक्षरी," बाबांचा आवाज चिरकला, "क्यू तीन हवेत."

असा शब्दच नाही. आत खुर्ची करकरली. तो परत बसला होता.

आई डोळे पुसत हसली. "बसू दे आता जन्मभर डोकं खाजवत."

तेवढ्यात चमचा वाजला.