चांगोची तार

शकूरने पिशवीतून पेचकस काढला आणि गौराबाईने फ्यूजबोर्डाखाली फतकल मारली.

"उठ गं आये," तिचा मुलगा गजा म्हणाला. "शकूरभाई कर्जतवरनं आलेत. त्यांना स्टूल ठेवायला जागा दे."

"माज्या डोक्यावर ठेव म्हनावं."

शकूरने एकदा तिच्या डोक्याकडे आणि एकदा स्टुलाच्या पायांकडे पाहिलं. ते काही जमण्यासारखं नव्हतं. मग तो ओटीवर विडी ओढायला गेला. कडावसारख्या गावात बोर्ड बदलायचा म्हणजे निम्मा वेळ असाच जाणार, हे तो धरूनच आला होता.

भांडण तारेचं होतं. चिनी मातीच्या त्या फ्यूजमधली तार गौराबाईच्या नवऱ्याने, चांगोने, घातली होती. भाताच्या ऐन आवणीत, लावणीच्या गडबडीत, एका संध्याकाळी फ्यूज उडून लाईट गेली. घरात तार नव्हती, दुकान बंद होतं. तरी चांगोने काय खटपट केली कोण जाणे, घटकेत लाईट आणली. त्याच पावसाळ्यात तो काविळीने गेला. त्याने लावलेला फणस वठला. त्याने शाकारलेला गोठा तर तेराव्यालाच बसला. त्याच्या हातचं चालू असं घरात एवढी तारच उरली.

ती उडू नये म्हणून गौराबाईने सगळं घर एका बल्बवर ठेवलं. इस्त्री शेजाऱ्यांकडे. रेडिओ सेलवर. गजाच्या लग्नात आहेर आलेला पंखा आढ्याला टांगला, पण त्याला बटण लावू दिलं नाही. पाहुणे आले की ती काठीने पाती ढकलायची. पाहुणेही "आता बरं वाटलं" म्हणायचे.

आता गजाची बायको ठमी तान्ह्या पोराला घेऊन माहेराहून आली होती, आणि वैशाख होता. पोराची मान घामोळ्याने लाल झाली होती. रसायनीच्या ज्या कारखान्यात गजा कामाला होता, तिथे त्याने नवे बोर्ड पाहिले होते. लोड जास्त झाला की बटण आपसूक पडतं, वर केलं की झालं. तार नाही न् काही नाही. तो एक बोर्ड घेऊनच आला.

पण गौराबाईला चांगोच्या बाबतीत आपल्या हातून आणखी एक अपराध होऊ द्यायचा नव्हता. पहिलाच तिला पुरला होता. लाईट आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी पायात जोडवं नसल्याचं तिला कळलं. सैल झालंच होतं. खाचरात चिखलातून पाय वर काढला, तर बोट मोकळं. आवणी थांबवून सगळ्यांनी चिखल चिवडला. चांगो तर दुपारपर्यंत तिच्या शेजारी वाकून शोधत राहिला, तिच्यावर खेकसत राहिला. जोडवं मिळालं नाही. पुढे चांगो गेला तेव्हा सासू रडली नाही. सुनेच्या पायाकडे बघत एवढंच म्हणाली, "जोडवं हरवलंस, आता बस."

गौराबाईला ते पटलं. त्या दिवसापासून ती बसलीच होती.

आत पोर किरकिरायला लागलं. ठमी त्याला पदराने वारा घालत दारात येऊन उभी राहिली. गौराबाईने नातवाच्या मानेकडे पाहिलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

"काड रं बाबा," ती शकूरला म्हणाली. "पन ती तार तोडू नको. मला दे. देवाजवळ ठेवीन."

शकूरने आधी मीटरजवळून लाईन बंद केली. एकुलता एक बल्ब विझला. मग त्याने फ्यूज उपसला, दारापाशी उजेडात नेला आणि जरा वेळ उलटसुलट करून पाहिला.

"काकी, तार नाय ही."

"मंग काय हाय?"

"चांदी हाय. कोनीतरी जोडवं ठोकून सरळ केलंय." त्याने पेच सैल करून तो तुकडा तिच्या हातावर ठेवला. "आनि ही उडंल म्हनून तुमी पंखा लावला नाय? अवो, ही कशानंच उडली नसती. पंखा काय, अख्खं कडाव चाललं असतं हिच्यावर."

गजाने आढ्याकडे पाहिलं. पंख्याच्या पात्यांवर काठीचे ओरखडे होते.

गौराबाईने काळी पडलेली चांदी पदराने पुसली. एका टोकाला वेढ्याचा बाक होता, फुलाची नक्षी होती. आपली नक्षी तिने ओळखली. तिने तो तुकडा पायाच्या मोकळ्या बोटाशी नेऊन धरला, आणि बराच वेळ तशीच वाकून राहिली.

"दुपारपतुर चिखलात शोधत व्हता माज्यासंगं," ती म्हणाली. "आनि वर मलाच म्हनं, डोळं फुटलं का गं तुजं? नीट बघ!"