लेथमास्तरांचा कोट

"नुसता कोट काढू, की बूटही?" लेथमास्तरांनी ग्रंथालयाच्या दारात उभं राहून विचारलं. आवाज असा लावला होता, की शेवटच्या बाकापर्यंत पोचावा.

"कोट पुरे," प्राचार्य म्हणाले.

आज ते स्वतः झडतीला उभे राहिले होते. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची पिशवी वॉचमन तपासायचा, पण मास्तरांना मात्र तो सलाम ठोकायचा. जन्मभर याच तंत्रशाळेत लेथ शिकवून निवृत्त झालेला हा म्हातारा रोज येतो, मागच्या खोलीतल्या जुनाट पुस्तकांत डोकं खुपसून बसतो आणि ऐन उन्हाळ्यात गुडघ्यापर्यंतचा कोट घालतो. पाणी कुठं मुरतंय हे ओळखायला प्राचार्यांना एवढं पुरेसं होतं.

कोट उलटा केला आणि त्यांचे डोळे चमकले. अस्तराला आतून दोन खिसे शिवलेले होते. एकेकात जाडजूड पुस्तक सहज मावलं असतं. पण दोन्ही रिकामे होते.

"एवढे मोठे खिसे कशाला लागतात?"

"बायकोनं शिवलेत. घरी येऊन तिलाच विचारा. चहापण देईल."

बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं. प्राचार्यांनी चिडून खिसा झटकला, तसा तळहातावर पिवळट भुगा पडला. जुन्या कागदाच्या कडा झडतात, तसला.

"आणि हे काय?"

मास्तरांनी कोट परत घ्यायला हात पुढे केला.

"उद्या सगळ्या पुस्तकांची तपासणी," प्राचार्य म्हणाले. "एक जरी कमी निघालं, तर या दारातून पुन्हा आत पाऊल टाकायचं नाही."

"आणि नाही निघालं तर?"

"तर सगळ्यांसमोर माफी मागीन."

"सगळ्यांसमोर," मास्तरांनी कोट झटकून अंगात चढवला. "बाई, ऐकलंत ना?"

टेबलामागून ग्रंथपालबाईंनी मान हलवली.

दोघांचं बिनसलं होतं ते गेल्या वर्षी. मागच्या खोलीत कौलांच्या भट्ट्या, लाकडी पुलांची डागडुजी, साबणाच्या लहान कारखान्याचं अर्थशास्त्र, जुन्या बंदरांचा व्यापार अशा विषयांवर आजोबा-पणजोबांच्या काळात छापलेली पुस्तकं होती. लिहिणाऱ्यांची नावं आता कुणालाच ठाऊक नव्हती. नमुन्यादाखल थोडी ठेवून बाकीची रद्दीत काढायचं प्राचार्यांनी समिती नेमून ठरवलं. गाडी आली, तेव्हा मास्तर तिच्यापुढे आडवे उभे राहिले.

"भट्टीसमोर भाजून निघालेल्या माणसांनी लिहिलंय हे," ते ओरडले होते. "तुमची समिती पंख्याखाली बसून निकाल देते! नको असतील तर मला द्या."

"रद्द केलेला माल रद्दीवाल्यालाच जातो. नियम आहे," प्राचार्यांनी सांगितलं होतं, आणि दोन शिपायांनी मास्तरांना दंडाला धरून बाजूला केलं होतं. पुस्तकं भरून गाडी रद्दीवाल्याकडे निघून गेली होती. तो अपमान म्हातारा विसरला नसणार, हे प्राचार्य पक्कं धरून चालले होते. मागची खोली हीच आता त्याची उठण्याबसण्याची जागा होती. ती बंद झाली की म्हाताऱ्याचा ताठा आपोआप उतरेल.

दुसऱ्या दिवशी तपासणी सुरू झाली. पद्धत नेहमीचीच. प्राचार्य यादी घेऊन टेबलाशी बसले. ते क्रमांक वाचायचे, बाई मागच्या खोलीतून "आहे" म्हणायच्या, आणि ते खूण करायचे. दुपारपर्यंत त्यांचा आवाज बसला, बाईंचा मात्र खणखणीत होता. मास्तर वाचनकक्षात एक पातळ पुस्तक उघडून बसले होते. मान वर करून बघायचीही त्यांना गरज वाटत नव्हती, आणि प्राचार्यांना नेमका त्याचाच राग येत होता.

शेवटचा क्रमांक आला.

"ते मास्तरांच्या हातात आहे," बाई बाहेर येत म्हणाल्या. "यादीतलं एकही पुस्तक कमी नाही, सर."

प्राचार्यांनी यादी पुन्हा चाळली. आता पुढे येऊन बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"मास्तर, माझी चूक झाली. माफ करा."

"मोठ्यानं. मागच्या पोरांना ऐकू आलं नाही."

प्राचार्यांनी कडू औषध गिळावं तसं पुन्हा म्हटलं. पोरांनी बाकं वाजवली. मास्तर उठले, पण त्यांच्या चेहऱ्यावर माफीनं सुखावल्याची खूण नव्हती.

"मी उद्याही येणार," ते म्हणाले. "हाच कोट घालून. बाहेर पडताना रोज झडती घ्या, माझी ना नाही."

हातातलं पुस्तक टेबलावर ठेवून ते ताठ मानेनं निघून गेले. वॉचमननं सलाम ठोकला तो नेहमीपेक्षा जोरातच.

पडलो तरी नाक वर, या चालीवर प्राचार्यांनी ते पुस्तक उचललं. "मी ठेवतो जागेवर," ते बाईंना म्हणाले. पोरांना आपला मोठेपणा दिसायला हवा होता.

मागच्या खोलीत ते गेल्या वर्षानंतर पहिल्यांदाच शिरत होते. कप्पा सापडला, पण पुस्तक आत जाईना. वरचा कप्पा तसाच गच्च, खालचाही तसाच. जागा करायला त्यांनी एक पुस्तक ओढून काढलं. लाकडी पुलांवरचं होतं ते. पहिल्या पानावर 'रद्द' असा लाल शिक्का होता आणि त्याखाली सही.

सही त्यांची स्वतःची होती. त्यांनी शेजारचं पुस्तक काढलं, मग त्याच्या शेजारचं. त्यांवरही तोच शिक्का होता, आणि तीच सही.