गाडीचा वाटा

गंगाधरराव भिंतीच्या बाजूनं गाडीखाली सरकले. टाकीच्या तळाचा नट सैल करून त्यांनी धारेखाली काचेची बरणी धरली. रविवारची सकाळ होती. अग्रहारातल्या त्या गल्लीत फुलवालीची हाक घरोघर फिरत होती, आणि गंगाधररावांच्या नाकातोंडात पेट्रोलचा वास भरला होता.

गाडी जुनी असली तरी इतकी वर्षं तिनं कधी त्रास दिला नव्हता. ते बँकेच्या बन्नूरच्या शाखेत मॅनेजर म्हणून रोज जायला लागले आणि ती बिघडली. एरवी सुरळीत चालायची, पण ऐन वेळी पाय दाबला की आचके द्यायची आणि बंद पडायची. हिनकलच्या मेकॅनिकपुढे उभी केली की अगदी शहाण्यासारखी वागायची. त्यानं प्लग बदलले, पॉइंट घासले, कॉइल नवी घातली, आणि शेवटी "सार, गाडीत काही नाही, तुमच्या मनात आहे" असं सांगून मोकळा झाला.

काल मात्र हे मनाचे खेळ नव्हते. उसाच्या लॉरीला मागं टाकता टाकता गाडी मध्येच मेली आणि समोरून बस आली. बसवाल्यानं बस शेतात घातली म्हणून गंगाधरराव रात्री घरी जेवायला होते. त्यांनी हे फक्त बायकोच्या कानावर घातलं. शकुंतलाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "उद्या दोष सापडला नाही, तर ही गाडी त्या रस्त्याला जायची नाही," एवढंच त्या म्हणाल्या. आईला यातलं अवाक्षर सांगायचं नाही, हेही ठरलं.

बरणी भरत आली तशी त्यांनी ती उजेडाकडे धरली. वर पेट्रोल होतं आणि खाली चांगला बोटभर पाण्याचा थर. गंगाधररावांनी पेट्रोल-बंकवाल्याला मनातल्या मनात शिवी हासडली आणि नट आवळला. पण बंक तर त्यांनी दोनदा बदलून पाहिला होता. पाऊस नव्हता, झाकणाचं रबर नवं होतं. मग टाकीत पाणी आलं कुठून?

तेवढ्यात गाडीच्या पलीकडे भेगाळलेल्या टाचांची दोन पावलं येऊन थांबली. त्यांची आई, गोदावरीबाई, देवळातून परत आल्या होत्या. रोज येताना त्या गडूतून घरातल्या सगळ्यांसाठी तीर्थ आणायच्या. आई आत जाईल म्हणून गंगाधरराव गप्प पडून राहिले. पण आई आत गेली नाही. टाकीचं झाकण फिरल्याचा आवाज आला.

"घे बाई," आईचा हलका आवाज आला. "नीट घेऊन जा त्याला. नीट घेऊन ये."

पळी टाकीच्या तोंडाला लागून किणकिणली, आणि गंगाधररावांच्या डोक्यावर, पत्र्याच्या आत, काहीतरी टपटपलं. एकदा, मग आणखी एकदा, मग आणखी. झाकण बसलं. पावलं घरात गेली.

त्यांना आधी हसू फुटलं, इतकं की बरणी हिंदकळली. मग बस आठवली आणि हसू कुठल्या कुठे पळालं. बदली झाल्यापासून आई हे रोज करत होती, मुलगा सुखरूप परत यावा म्हणून. त्यापायी काल काय होणार होतं ते तिला कळलं तर ती उरलेलं आयुष्य स्वतःला माफ करणार नाही. पन्नाशीला आलेल्या त्या माणसाला गाडीखाली पडल्या पडल्या रडू आलं. डोळे पुसून त्यांनी नट पुन्हा सैल केला आणि आत्ता आलेलं तेही बरणीत उतरवून घेतलं.

ते बाहेर आले तेव्हा शकुंतलाबाई पायरीवर उभ्या होत्या. "अहो, सापडलं?"

"सापडलं. टाकीत पाणी होतं. सगळं काढलं."

"पाणी?" गोदावरीबाई आतून गडू घेऊनच आल्या. "अय्यो, पाणी कुठनं गेलं की?"

"बंकवाल्याचं काम, आई."

"हात झडतील मेल्याचे!" गोदावरीबाई म्हणाल्या. "जा, हात धू. तीर्थ घे."

गंगाधरराव साबणानं हात धुऊन आले. त्यांनी तीर्थ घेतलं, ओला हात डोक्यावरून फिरवला आणि तोच हात पुन्हा पुढे केला.

"आणि एकदा कशाला?"

"गाडीचं."

पळी गडूतच थांबली. "तू बघितलास?"

"बघितलं."

गोदावरीबाईंनी पायरीवरच्या बरणीकडे पाहिलं. पेट्रोलखालचं पाणी उन्हात चमकत होतं. मग त्यांनी हातातल्या गडूकडे पाहिलं. "तिला बाधलं का रे ते?"

शकुंतलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. काय झालंय ते त्यांच्या आत्ता ध्यानात आलं, आणि त्यांनी पुढे होऊन बरणी सुम्ने, अगदी सहज, उचलली, केर उचलावा तशी, आणि मागच्या दारी घेऊन गेल्या.

"छे ग," गंगाधरराव म्हणाले. "देवाचं कधी कुणाला बाधतं? पण कुणी गावाला गेलं की त्याच्या वाटणीचं तीर्थ तूच घेतेस की नाही? तसं हिच्या वाटणीचं मी घेत जातो. चालवणारा मीच की."

गोदावरीबाई पायरी उतरल्या. मग गाडीकडे वळून त्यांनी झाकणावरून एकदा हात फिरवला, आणि परत येऊन पळी भरली. भरलेली पळी तशीच धरून ठेवली.

"हात खोल धर की," त्या म्हणाल्या. "गाडी मोठी आहे."