नेऱ्याच्या वाटेसाठी टायर

"मागचे दोनच मोठे घालून भागणार नाही, शेठ. चारही बदलावे लागतील," हाफिज मिस्त्री म्हणाला आणि पिकअपच्या पुढच्या चाकाजवळ उकिडवा बसला.

काशिरामशेठही धोतर सावरून त्याच्या शेजारी बसला. हाफिजच्या पनवेलातल्या गॅरेजवर येणारी गिऱ्हाइकं आधी खुर्ची मागत, मग चहा. हा माणूस थेट चाकाखाली डोकावत होता.

हाफिजला तो आवडला.

पिकअप गॅरेजसमोरच्या चिंचेखाली उभी होती. लष्कराच्या लिलावातली, हिरवा रंग अजून तसाच. शेठ स्वतःला नेरे गावचा म्हणवत होता. तिकडून भाताची पोती आणायची, वाटेत नदीचे गोटे, आणि गाडीचं पोट दगडांना घासतं, हे त्याचं गाऱ्हाणं.

"मोठ्या टायरांनी गाडी चार बोटं वर येईल," हाफिज म्हणाला. "पण खड्ड्यात आदळली की टायर मडगार्डाला लागणार. म्हणून शॉकही कडक हवेत. तुमचे हे बघा, तेल गळतंय. यांच्यात दम उरला नाही."

"फार कडक घातले तर रिकामी गाडी उडेल ना?"

हाफिजनं मान वर केली. असा प्रश्न वर्षभरात कुणी विचारला नव्हता.

"उडेल. रिकामी किती फिरवता?"

"जाताना रिकामी, येताना भरून."

"मग मधले घालतो. दोन्हीकडे चालतील." हाफिजनं पुढच्या टायरवरून अंगठा फिरवला. "टायर तसे चांगले आहेत, पण डावा एका बाजूनं झिजतोय. चालवणारा वळणावर ब्रेक उशिरा दाबतो."

शेठ मोठ्यानं हसला. "पकडलंत मला!"

"मी माणसाच्या तोंडाकडे बघतच नाही, शेठ. टायरकडे बघतो. आजवर फसलो नाही."

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. टायर परमिटावर मिळत, तेही वशिला असला तर. हाफिजच्या आतल्या खोलीत ताडपत्रीखाली चार मोठे टायर वर्षभर पडून होते. तिघांनी मागितले, त्यानं दिले नाहीत. ज्याला त्यांची किंमत कळेल त्यालाच द्यायचे, असं त्यानं ठरवलं होतं.

त्यानं ताडपत्री ओढली. शेठनं एका टायरच्या नक्षीवर तळवा ठेवला.

"घाला," तो म्हणाला.

"गाडी आत घेता?"

"ढकलूनच घेऊ. पेट्रोल कुपनावरचं. उगाच जाळायचं नाही."

शेठनं कोट काढून फांदीला अडकवला आणि हाफिजच्या बरोबरीनं खांदा लावला.

दुपारपर्यंत चारही चाकांवरचे जुने टायर उतरले. "हे टायर मलाच द्या," हाफिज म्हणाला. "तेवढे पैसे कमी करतो."

"दिले असते हो. पण करंजाड्याला भावाची गाडी टायरवाचून उभी आहे. त्याला आजच पोचवतो." शेठनं रस्त्यावरून जाणारी बैलगाडी थांबवली.

जुने टायर बैलगाडीत चढवताना हाफिजलाच आठवण झाली. "स्टेपनीही न्या. आता माप वेगळं, तुमच्या काही कामाची नाही ती."

"बरं झालं बोललात!" शेठनं स्टेपनी स्वतः उचलून ठेवली.

हाफिज जरा घुटमळला. "पैशाचं कसं?"

"संध्याकाळी येतो ना. तोवर गाडी तुमच्याच ताब्यात आहे. सगळे पैसे हातात पडल्याशिवाय एक चाक हलू देऊ नका. मी सांगितलं तरी."

विचारल्याचीच हाफिजला लाज वाटली. शेठ फांदीवरचा कोट घेऊन बैलगाडीत बसला आणि निघाला.

चार वाजता काम संपलं. हाफिजनं पाठीमागच्या फळीवर उभं राहून उडी मारली. गाडी एकदा खाली गेली, एकदा वर आली आणि थांबली. झुलली नाही. कुणी सांगितलं नसताना त्यानं गाडी धुतली आणि बायकोला, हलीमाला, हाक मारून घरातून बाहेर बोलावलं.

"तुमचीच असल्यासारखी पुसताय," ती म्हणाली.

"काम तर माझं आहे ना! वीस वर्षांत असं जमलं नव्हतं. शेठ बघेल आणि खूश होईल, इन्शाल्ला."

ती हसून आत गेली. हाफिज फडक्याला हात पुसत दारात उभा राहिला.

मामलेदार कचेरीच्या बाजूनं डोक्याला रुमाल बांधलेला एक माणूस आला. चिंचेखाली थांबला. त्यानं रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं, मग गॅरेजात पाहिलं, आणि तरातरा आत येऊन पिकअपभोवती एक फेरी मारली.

"या, या," हाफिज म्हणाला. "काशिरामशेठनी पाठवलं ना? पैसे दिलेत त्यांनी?"

"कोन काशिराम?" त्या माणसानं खिशातून गाडीची किल्ली काढली, दार ओढून उघडलं आणि तसाच उभा राहिला. "मिस्तरी, सकाली मी कचेरीत गेलो तवा आमची गाडी चिंचेखाली लावली व्हती. ती हितं आत कशी आली, आन येवडी उंच कशी झाली?"