फोटोसाठी खुर्ची

"केंद्राला निधी देतो. मात्र समारंभात सगळ्या पेशंटना व्हीलचेअरवर बसवा. फोटो चांगला येईल." पुनर्वसन केंद्राच्या ताईंनी आमदारांच्या हातची चिठ्ठी वाचून दाखवली आणि मान खाली घातली.

मळणी यंत्रात पाय गमावलेल्या सगुणाबाईंचं डोकं सणकलं. "त्या खुर्चीतून उठायला आठ महिने घाम गाळलाय मी! फोटोसाठी परत बसू होय? आणा ती चिठ्ठी इकडं."

दुसऱ्या दिवशी नऊ जण कुबड्या टेकत आमदारांच्या ऑफिसचा जिना चढले. दम लागला, तरी पायरीवर कुणी बसलं नाही.

सगुणाबाईंनी चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"अहो, बसा ना!" खुर्चीतले आमदार गडबडले.

"आम्ही उभेच बरे, साहेब. बसलेल्या माणसाचा फोटो हवा असेल, तर तुमचाच काढा."