चिमीचं पाठांतर

चिमीची ही पहिलीच मालिका. सीन सोपा होता: मोठ्या भावाला चपराक मारायची आणि म्हणायचं, "परत खोटं बोलशील?" भावाच्या कामाला तिचा सख्खा दादाच होता. दिग्दर्शकाला लटकी चपराक चालत नव्हती, त्यामुळे ती दर वेळी सणसणीत बसायची. वाक्य मात्र चिमी नेमकं विसरायची.

"अगं, सकाळी तर घडाघडा म्हणत होतीस!" दिग्दर्शक वैतागला. "चला, पुन्हा!"

चिमीनं निमूटपणे हात उगारला. तसा दादा लालबुंद गाल धरून कोपऱ्यात बसलेल्या आईकडे वळला आणि ओरडला, "आई, घरचा टीव्ही मी फोडला! हिनं उगाच बोलणी खाल्ली!"

पुढच्या टेकला चिमीला वाक्य बरोब्बर आठवलं. चपराक तर ती विसरलीच नव्हती.