रिकामं कलिंगड

इंजिनातली आग विझवणाऱ्या वायूने भरलेला तो पोलादी गोळा मी दर तपासणीला काट्यावर ठेवायचे. वजन बरोबर भरलं, की पुन्हा विमानात. कॅप्टन चिडवायचे, “बाई, तुमच्या कलिंगडापायी माझं विमान खोळंबतं.” आज तो रिकामा आहे हे ठाऊक असूनही मी सवयीच्या जोराने उचलला आणि तोलच गेला. उभ्या नोकरीत हलका गोळा मी उचललाच नव्हता. “काल हवेत इंजिनाने पेट घेतला, मी दांडा ओढला, आणि याने दोन श्वासांत विझवलं,” शेजारी उभे कॅप्टन पुटपुटले. त्यांनी टोपी काढून गोळ्यावर हात ठेवला. तेवढ्यात नणंदबाईंचा फोन आला. कालच्या विमानात त्याही होत्या. “वहिनी, विमान उगाच अर्ध्यातून परत आणलं, बॅग तासाभराने दिली. कुणाला कसलं सोयरसुतक नाही.” मी गोळा मांडीवर घेऊन बसले. “बोला वन्सं,” म्हटलं, “सगळं सांगा.”